आजीच्या पेटीतल्या जुन्या नाण्यांचे फोटो साध्या मोबाइलवर कसे काढू? साल वाचता येत नाही

दिग्रसवाली

नमस्कार. आमचं गाव दिग्रस तालुक्यात. आजी पोळ्याच्या आधी गेली. तिची लोखंडी पेटी उघडली तर लुगड्याच्या धडप्यात बांधलेली नाणी निघाली, साठेक असतील. आता बाबा आणि दोन आत्या यांच्यात वाटणी होणार आहे. कोणालाच विकायची नाहीत. पण तीन घरी गेली की पुन्हा एका जागी दिसायची नाहीत, म्हणून त्याआधी प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून नीट यादी करायची असं मी मनावर घेतलं आहे.

काय काय आहे ते सांगते. व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये, त्यातल्या काहींना कडी जडवलेली, कारण ते आजीच्या माळेतले आहेत. पंचम जॉर्जचे रुपये. भोकाचे पैसे बरेच. तांब्याचं एक मोठं नाणं, त्यावर दोन सिंह आणि १८३५. घोड्याचा एक पैसा, कमळाचे पिवळे २० पैसे, आणि काही इतकी झिजलेली की राजा की राणी तेही कळत नाही.

फोन आठ हजारांचा आहे. ५० मेगापिक्सलचा मुख्य कॅमेरा आणि शेजारी २ मेगापिक्सलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा. खर्च ३०० रुपयांच्या वर करता येणार नाही.

अडचण अशी की चांदीचा रुपया फोटोत नुसता पांढरा गोल येतो. जवळ नेला की फोनचीच सावली पडते. मॅक्रो लावला की सगळं धुरकट. साल तर कुठेच नीट येत नाही. मोठी आत्या म्हणते आधी चिंच-मीठ लावून घासून काढू, मग फोटो चकाचक येतील. घासायची का? आणि चुलतभाऊ रोज एक जाहिरात दाखवून राहिला, जुन्या रुपयाचे लाखो देतो म्हणणारी. तिथे फोटो पाठवायचे का?

निवृत्त वाहक, मंगरूळपीर

पोरी, सगळ्यात आधी आत्याबाईच्या हातातली चिंच काढून घेजो. अगदी आजच. चांदीवर जो काळसर थर असते आणि तांब्यावर जो चॉकलेटी रंग चढते, तो वर्षानुवर्षांनी बनते. आंबट लावून घासलं का तो थर जाते, वरचा बारीक उठाव जाते आणि राहतात त्या घासल्याच्या रेघा. फोटोत त्या रेघाच चमकतात, राणीचा चेहरा नाई. संग्रह करणारा माणूस घासलेलं नाणं लांबूनच ओळखते. माती चिकटली असंन त साध्या पाण्यातून काढून मऊ सुती कापडावर ठेवजो, दाबून टिपजो, चोळजो नको. उचलतांनी दोन बोटांनी कडेले धरजो.

आता फोटोचं. मी एसटीत वाहक होतो. बॅगेत जुनं नाणं आलं का खिशातले पैसे टाकून ते बाजूले ठेवायचो. ३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याच्या खालची नाणी चलनातून बंद झाली, तोवर बरीच जमली होती. नोकरी सुटल्यावर त्याचे फोटो काढायले बसलो, आणि एक गोष्ट मले पक्की समजली: नाण्याचा फोटो हे उजेडाचं काम आहे, फोनचं नाई. तुह्या आठ हजाराच्या फोननं मजेत होते.

नाण्यावरचं अक्षर आपल्याले दिसते ते त्याच्या बाजूले पडलेल्या बारीक सावलीमुळे. उजेड सरळ वरून पडला, फ्लॅशवानी, त सावलीच पडत नाई आणि सगळं नाणं पांढरंफट होते. नांगरलेल्या वावरावर सांजच्याले तिरपं ऊन पडलं का नांगराचं एकेक तास उठून दिसते. भर दुपारी तेच वावर सपाट दिसते. म्हणून फ्लॅश कायमचा बंद. उजेड एकच आणि तो बाजूनं.

घरात उत्तरेकडं खिडकी असंन त तिच्याजवळ पाट ठेवजो. थेट ऊन नको. दुसऱ्या अंगाचं दार लोटून घेजो, नाई त दोन्हीकडून उजेड येते आणि सावली मरते. टिनाच्या शेडखाली, निळ्या ताडपत्रीखाली किंवा हिरव्या जाळीखाली बसजो नको. चांदी ज्या रंगाखाली ठेवसान तोच रंग घेते. खिडकी नसंन त ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब, होल्डर आणि वायर, एवढंच घेजो. बल्ब आणि नाण्याच्या मधात बटर पेपर धरजो, म्हणजे चांदीवरचा चट्टा पसरून मऊ होते. समोरच्या अंगानं वहीचं कोरं पान उभं केलं का अंधारलेली बाजू थोडी उजळते. तांब्याच्या नाण्याले ते पान लागते, चांदीले बहुतेक लागत नाई.

उजेड फोटोच्या वरच्या डाव्या अंगानं आला पाहिजे. खालून आला त डोळा फसते आणि उठावाचा चेहरा खड्ड्यात गेल्यासारखा दिसते.

झिजलेल्या नाण्याले वेगळी तऱ्हा. बल्ब खाली आणत आणत नाण्याच्या जवळपास बरोबरीत आणजो आणि बटर पेपर काढून टाकजो. मग बल्ब तिथंच राहू देजो आणि नाणं हळूहळू फिरवजो. कोणत्या तरी एका कोनात आकडा उभा राहतेच. तेवढ्याच कोनाचा फोटो घेजो. तो दिसायले सुंदर नसते, पण साल वाचून देते. त्याच नाण्याचा दुसरा फोटो यादीसाठी नेहमीच्या उजेडात.

फोन हातात धरून हे काम होत नाई. वह्या-पुस्तकांची चळत कर, अर्ध्या विताएवढी उंच. त्यावर फोन आडवा ठेव, कॅमेऱ्याचं टोक बाहेर आणि मागच्या टोकावर वजन. खाली नाणं. चळतीची बाजू उजेडाच्या उलट पाहिजे. याच्यापेक्षा जवळ गेलं का स्वस्त फोनचा मुख्य कॅमेरा धरतच नाई आणि फोनची सावलीही तेव्हाच पडते. तो २ मेगापिक्सलचा मॅक्रो विसरून जाजो. मुख्य कॅमेऱ्यानं जरा लांबून काढून मग कापलेला फोटो त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला येते.

फोन नाण्याले समांतर आहे का, हे पाहाले नाण्याच्या जागी छोटा हातआरसा ठेवजो. पडद्यावर कॅमेऱ्याचं भिंग बरोबर मधोमध दिसलं म्हणजे समांतर. नाई त एका बाजूचं अक्षर ठळक आणि दुसऱ्या बाजूचं पुसट येते, आणि माणसाले वाटते नाणंच तिकडून झिजलं.

मग पडद्यावर नाण्यावर बोट दाबून धरजो, फोकसले कुलूप लागते. बाजूले सूर्याचं चिन्ह येते, ते खाली ओढत जाजो, चांदीचा पांढरा चट्टा जाईस्तोवर. टायमर ३ सेकंदाचा लावजो, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाई. वायरचा इअरफोन घरी असंन त त्याच्या आवाजाच्या बटणानंही बहुतेक फोनमधी फोटो निघते.

कडीवाले रुपये सपाट बसत नाईत. थर्मोकोलच्या तुकड्याले कडीपुरती खाच पाडून त्यात बसवजो. ती कडी कोणी काढाले सांगितली त काढजो नको. नाण्याच्या बाजारात कडीनं भाव कमी होते हे खरं, पण ते आजीच्या गळ्यातलं आहे आणि तुमच्या यादीत त्याची तशीच नोंद झाली पाहिजे.

जाहिरातीचं चुलतभावाले समजावून सांग. आधी लाखाची बोली लावतात, मग नोंदणी, कमिशन, कर असं म्हणत तुमच्याकडूनच पैसे मागतात. ऑगस्ट २०२१ मधी रिझर्व्ह बँकेनं याच्याबद्दल लोकांले सावध केलं होतं: बँक असल्या व्यवहारात नाई आणि त्यासाठी कोणतंही शुल्क मागत नाई. तिथं एकही फोटो पाठवजो नको.

फोटो स्टुडिओ, पुसद

काकांनी उजेडाचं सगळं सांगितलं आहे, मी फोनमधल्या सेटिंगचं सांगतो.

कॅमेऱ्यात "५० एमपी" असा वेगळा पर्याय असतो, तो निवडा. एरवी फोन चार-चार पिक्सल जोडून साडेबारा मेगापिक्सलचाच फोटो देतो. कापल्यानंतर सालाचे आकडे वाचायचे असतील तर हा फरक जाणवतो. ब्युटी, एआय, फिल्टर, सगळं बंद. हे पर्याय उठाव गुळगुळीत करतात किंवा कडा खोट्या धारदार करतात.

स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायचा पर्याय) असेल तर शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, १०० च्या आसपास. फोन चळतीवर स्थिर आहे, त्यामुळे चिंता नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसण्याची सेटिंग, एकदा कोऱ्या कागदावर लावून घ्या आणि मग सगळ्या नाण्यांना तोच ठेवा. खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र करू नका. दोन्हींचे रंग वेगळे असतात आणि नाणं अर्धं निळं, अर्धं पिवळं येतं.

खाली पांढरा कागद ठेवला तर फोन फसतो आणि नाणं काळं काढतो. राखाडी पुठ्ठा घ्या, ड्रॉइंगच्या वहीचा मागचा चालतो. नाण्याखाली शर्टाचं बटण ठेवून ते थोडं उचला, म्हणजे पुठ्ठ्याचे तंतू धूसर होतात आणि कडेची काळी सावली नाण्यापासून सुटते.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतो आणि सगळी मेहनत जाते.

अकोल्याचा संग्राहक

एवढा खटाटोप कशाला? ऑनलाइन दिवे लावलेला पांढरा डबा मिळतो, लाइट बॉक्स. त्यात नाणं ठेवा आणि फोटो काढा. नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून आणा.

निवृत्त वाहक, मंगरूळपीर

भाऊ, तुमचा सल्ला चांगल्या मनानं आहे, पण या पोरीच्या कामाले तो डबा उपयोगाचा नाई. डब्यात सगळ्या बाजूंनी सारखा उजेड येते. चप्पल, पर्स, भांडं यांच्यासाठी तेच पाहिजे. नाण्याले सावली पाहिजे आणि तो डबा नेमकी सावलीच खाऊन टाकते. झिजलेला रुपया त्यात कोरा दिसते.

स्कॅनरचंही तसंच. झेरॉक्सच्या दुकानातली आजकालची पातळ मशीन काचेले चिकटलेलाच भाग स्पष्ट घेते. नाण्याची कड काचेले टेकते, मधातला चेहरा जरासा खोल राहते आणि धूसर येते. काचेवर नाणं सरकलं त चरा पडते तो वेगळा.

नव्यासारख्या चकचकीत नाण्यासाठी एक युक्ती सांगतो. नाणं आणि कॅमेरा यांच्या मधात फोटोफ्रेमची साधी काच ४५ अंशात तिरपी धरायची आणि दिवा बाजूनं त्या काचेवर मारायचा. काच थोडा उजेड सरळ खाली नाण्यावर टाकते आणि कॅमेरा काचेतूनच पाहते. काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करून दिव्याचा सरळ उजेड नाण्यावर पडू द्यायचा नाई. सपाट भाग उजळ आणि अक्षरांच्या कडा गडद येतात, रंगही खरा येते. या पेटीत तसं नाणं निघालं त करून पाह्यजो. माळेतल्या रुपयाले याची गरज नाई.

वावरकरी, कारंजा लाड

काका, मधातच विचारतो. आमच्या वावरात वखरताना शिशासारखी बारीक नाणी सापडली, ओबडधोबड, एकावर हत्ती असल्यासारखं वाटते. त्याचे फोटो असेच काढायचे का?

निवृत्त वाहक, मंगरूळपीर

फोटो असेच काढा, झिजलेल्या नाण्याचा खालचा उजेड लावून, बाजूले मोजपट्टी ठेवून. जिथं निघालं त्या जागेचाही फोटो घ्या. पण ते पेटीतलं नाणं नाई, जमिनीतलं आहे. जमिनीत लपलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं असंन त कलेक्टरले लेखी कळवावं लागते, १८७८ चा कायदा आहे तसा. तहसीलात जाऊन अर्ज द्या आणि पोच घ्या. सोनाराले देऊ नका, वितळवू त अजिबात नका.

हे मी मोठ्या आस्थेनं सांगून राहिलो. आमच्याच तालुक्यात तऱ्हाळ्याले १९३९ मधी सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला होता, सुमारे १६०० नाणी. हलक्या मिश्र धातूची, दिसायले काहीच नाई. त्यावरची अक्षरं वाचली तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावं मिळाली. ती नाणी कोणी मोडीत घातली असती त ते राजे आपल्याले माहीतच झाले नसते. हत्ती आहे म्हणता, त जपा बाप्पा. फोटोत हत्तीची सोंड कोणीकडं आहे आणि नाण्याच्या मागच्या बाजूले वर्तुळं आहेत का, हे स्पष्ट आलं पाहिजे. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयात, नाण्यांचा विभाग आहे, जमलं त एकदा पाहून या.

दिग्रसवाली

काका, पुसदचे दादा, खूप खूप आभार. चिंच परत डब्यात गेली. आत्याला वाचून दाखवलं, ती म्हणाली वाहकाचं म्हणणं आहे तर ऐकायलाच पाहिजे.

उत्तरेच्या खिडकीत पाट मांडला, बाबांच्या पीककर्जाच्या फायलींची चळत केली, वर फोन. राखाडी पुठ्ठा, बटण, बटर पेपर. आरशाची युक्ती फारच कामाची आहे, फोन कायम एका बाजूला कललेला असायचा ते त्यातच समजलं. चांदीचे रुपये आता राखाडी येतात आणि राणीच्या मुकुटाचं नक्षीकाम दिसतं. १८३५ च्या नाण्यावर "पाव आणा" असं इंग्रजीत वाचता आलं, भोवती पानांची वेल आहे. झिजलेल्यांपैकी बहुतेक वाचली, बल्ब खाली आणून नाणं फिरवल्यावर. बाबा शेजारी बसून आकडा दिसला की मोठ्यानं सांगत होते.

एक विचारायचं आहे. व्हिक्टोरियाच्या बऱ्याच रुपयांवर १८६२ हेच साल आहे. सगळे एकाच वर्षी बनले असतील? मग यादीत एकच ओळ लिहून पुढे संख्या टाकू का?

निवृत्त वाहक, मंगरूळपीर

एकच ओळ नको लिहू बेटा! बरं झालं विचारलं.

१८६२ चा रुपया त्याच एका वर्षात पाडला असं नाई. पुढची बरीच वर्षं तेच साल ठेवून टाकसाळीत रुपये निघत राहिले. १८७४ पासून पुन्हा चालू साल यायले लागलं. या मधल्या रुपयांवर सालाच्या बाजूले, फुलांच्या नक्षीत, बारीक टिंबं आहेत. कोणावर वर, कोणावर खाली, कोणावर जास्त, कोणावर कमी. अभ्यासक त्या टिंबांवरून प्रकार वेगळे काढतात. म्हणजे तुह्या पेटीतले सारखे दिसणारे रुपये सारखे नसू शकतात, आणि वाटणीच्या आधी हे कळणं चांगलं.

म्हणून १८६२ च्या प्रत्येक रुपयाच्या सालाच्या बाजूचा आणखी एक फोटो घेजो. फोकसचं कुलूप सालावरच लावजो, मधात नाई. बल्ब खाली, बटर पेपर काढलेला. एकदा डावीकडून आणि एकदा नाणं अर्धं फिरवून, कारण टिंब फुलाच्या पाकळीच्या सावलीत गेलं त एका फोटोत लपून जाते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडं डोळ्याले लावायचं भिंग असते. दिग्रसच्या बाजारात असंन कोणी, त त्याच्याकडून घटकाभर मागून घेजो आणि डोळ्यानं मोजून फोटोशी जुळवजो.

आणखी दोन नोंदी लिहून ठेव. एक वजन. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. झिजेनं थोडा कमी भरते, पण फार कमी भरला किंवा जास्त भरला त वेगळी खूण करजो. सोनाराच्या काट्यावर बाबांले घेऊन जाजो आणि वजन होईस्तोवर तिथंच उभी राहजो. कडीवाल्या रुपयाचं वजन कडीसकट लिहून तसं नमूद करजो. दुसरी नोंद कडेची. रुपया उभा करून थर्मोकोलच्या खाचेत बसवजो आणि कडेवरच्या बारीक दात्यांचा फोटो घेजो. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याले कडेवर जोडाची रेघ असते, ती या फोटोत सापडते.

षष्ठम जॉर्जचा वाघाचा १९४७ चा रुपया निघाला त त्याले लोहचुंबक लावून पाह्यजो, तो निकेलचा आहे, चिकटते. चांदीचा चिकटत नाई. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाच्या खाली टाकसाळीची खूण असते. पत्त्यातल्या चौकटीवानी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, गोल टिंब नोएडाचं, आणि काहीच नसंन त कलकत्ता. कमळाच्या २० पैशाचा फोटो काढतांनी तेवढी जागा नीट येऊ देजो.

दिग्रसवाली

काका, टिंबं खरंच वेगवेगळी निघाली! दोन रुपयांवर सालाच्या खाली दिसतात, एकावर वरही आहेत. बाबा म्हणतात आता वाटणी दिवाळीनंतर करू, आधी यादी पूर्ण होऊ दे. फोटोंना नावं कशी देऊ? फोनमध्ये सगळे आकड्यांच्या लांबलचक नावानं पडले आहेत.

निवृत्त वाहक, मंगरूळपीर

प्रत्येक नाण्याले आधी क्रमांक. कागदाच्या पाकिटावर पेनानं लिहून नाणं त्यात ठेव. प्लॅस्टिकच्या मऊ पन्नीत ठेवू नको, ती वर्षानुवर्षांनी चिकट होते आणि नाण्यावर हिरवट डाग पडतात. फोटोचं नाव तोच क्रमांक, पुढं "दर्शनी", "मागील", "कड", "साल". वहीत त्याच क्रमांकासमोर धातू, साल, वजन, टिंबं, कडी आहे का, आणि आजीले ते कुठून आलं हे आत्यांपैकी कोणाले आठवत असंन त तेही. हे शेवटचं कोणत्याही पुस्तकात सापडत नाई. मोठ्या आत्याबाईजवळ बसून फोटो एकेक दाखवत विचारजो, माणसाले चित्र पाहून आठवते.

सगळं झालं का मूळ फोटोंच्या तीन पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड, एकेका घरी एक. आणि यादीची वही झेरॉक्स करून तिन्ही घरी.

फोटो स्टुडिओ, पुसद

ताई, फोटो तयार झाले की डॉक्युमेंट करून पाठवा. दर्शनी आणि मागील बाजू शेजारी-शेजारी ठेवून पोस्टकार्डच्या आकाराच्या एकेका प्रिंटवर सहा नाणी बसवून देतो, खाली क्रमांक. कागदाचे पैसे तेवढे द्या. कापताना नाण्याभोवती थोडी जागा सोडा आणि सगळ्या फोटोंत सारखीच सोडा. आणि सुरुवातीला मोजपट्टीसोबत एक फोटो पाठवा, म्हणजे नाणी छापताना खऱ्या मापाची येतील.